गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झालेली गाडी दुपारी पार्किंगमधून निघताना नुसतं 'टक' करते आणि गप्प बसते. दहा मिनिटांनी तीच चावी, तोच हात, आणि गाडी सुरू. गॅरेजमध्ये नेली तर वीस वेळा सेल्फ मारा, वीसही वेळा सुरू होते. मेकॅनिकसमोर धडधाकट गाडी उभी असते, तो तपासणार काय? मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार) उतरतो. त्यानंतर इंधन पंप. हजारो रुपये जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो, कारण तो एखाद्या सैल टर्मिनलमध्ये, जळक्या रिलेमध्ये (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) किंवा इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत बसलेला असतो.

अधूनमधून येणारा दोष हजर असेल तेव्हाच मोजता येतो. आणि तो हजर असतो तेव्हा गाडीजवळ मेकॅनिक नसतो, तुम्ही असता. म्हणून या निदानाचं निम्मं काम मालकाचं आहे. त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत. गाडी अडली त्या पाच मिनिटांत काय ऐकायचं, काय बघायचं आणि काय लिहून ठेवायचं, एवढं माहीत हवं.

आधी आजार कोणता ते ठरवा

'गाडी सुरू होत नाही' या तक्रारीखाली दोन वेगळे आजार असतात. एकात सेल्फ फिरतच नाही. दुसऱ्यात सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. पहिल्यात पेट्रोल पंप, प्लग, इंजेक्टर यांचा काही संबंध नसतो. दुसऱ्यात सेल्फ निर्दोष सुटतो, आणि तो नेहमीच्या जोमाने फिरत असेल तर बॅटरीसुद्धा.

चावी 'स्टार्ट'वर नेली की एक बारीक प्रवाह इग्निशन स्विचमधून निघतो, क्लचच्या किंवा गिअरच्या स्विचमधून जातो आणि रिलेपर्यंत पोचतो. रिले सेल्फवर बसलेल्या सोलेनॉइडला वीज देतो. सोलेनॉइड एका झटक्यात दोन कामं करतो: बेंडिक्सचं (सेल्फच्या टोकाच्या यंत्रणेचं) दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकवतो आणि तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो. मग बॅटरीच्या जाड केबलमधून छोट्या पेट्रोल गाडीत साधारण १०० ते २०० अँपिअर, डिझेलमध्ये त्याहून बराच जास्त प्रवाह मोटारीत शिरतो आणि इंजिन मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी फिरू लागतं. इथवरची साखळी तुटली तर पहिला आजार. इंजिन फिरायला लागल्यावर क्रँक सेन्सर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) 'इंजिन फिरतंय' असं कळवतो, आणि मगच ईसीयू पंप चालू ठेवतो, इंजेक्टर उघडतो, प्लगला ठिणगी देतो. या भागातला बिघाड म्हणजे दुसरा आजार.

बटण स्टार्टच्या गाडीतही साखळी हीच. फक्त चावीच्या जागी संगणक हुकूम देतो, आणि हुकूम देण्याआधी चावी आपलीच आहे ना, ब्रेक किंवा क्लच दाबलाय ना, हे विचारून घेतो.

कान आणि छतातला दिवा

गाडी अडली की पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसू नका. दोष हजर आहे तोवरच ही संधी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, एसी, ब्लोअर आणि गाणी बंद करा. छतातला दिवा हाताने चालू करा, हेडलाइट लावा. आता एकदाच सेल्फ मारा आणि आवाजाबरोबर दिव्याकडे बघा.

दिवा एकदम मावळला किंवा पार विझला तर सेल्फ प्रवाह मागतोय, पण पुरवठा कोसळतोय. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड खराब आहे. यातच 'टर्रर्र' असा जलद कटकट आवाज येतो. सोलेनॉइड ओढला जातो, कॉन्टॅक्ट जुळताच व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. सेकंदाला कित्येकदा हे चक्र फिरतं. अशी कटकट ऐकून सेल्फ बदलायला सांगणाऱ्याला आधी बॅटरी मोजायला सांगा.

दिवा तसाच लखलखीत राहिला आणि बॉनेटखालून काहीच आवाज आला नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही. संशय इग्निशन स्विच, रिले, क्लच स्विच, इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर यांच्यावर.

दिवा जेमतेम हलला, पण सेल्फकडून एकच जाड 'टक' ऐकू आला, तर सोलेनॉइडने उडी मारली, पुढे मोटारीला वीज मिळाली नाही. जळलेले कॉन्टॅक्ट किंवा संपत आलेले कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज देणारे ठोकळे), यांपैकी एक. मात्र 'टक' बारीक असेल आणि डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून येत असेल तर तो रिलेचा आहे. ही गल्लत फार होते. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने हात आणि कपडे पंखा-बेल्टपासून लांब ठेवून बॉनेटजवळ उभं राहून ऐकावं.

बॅटरी आणि टर्मिनल ठीक असूनही दिवा खूप मंदावला, मंदच राहिला आणि इंजिन जागचं हललं नाही, तर सेल्फ भरपूर प्रवाह खातोय पण फिरत नाही: आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) अडकलंय किंवा आत शॉर्ट आहे. आणि सेल्फ मोटार 'घूंऽऽ' करून मोकळीच फिरली, इंजिन मात्र ढिम्म, तर बेंडिक्सचा क्लच सुटतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात एका जागी झिजलेत. बंद होताना इंजिन ठरावीक दोन-तीन स्थितींतच थांबतं, म्हणून रिंग तिथेच झिजते आणि गाडी काही वेळाच अडते. मॅन्युअल गाडीत चावी बंद ठेवून, टॉप गिअर टाकून, गाडी फूटभर ढकला. नंतर न्यूट्रल करून सेल्फ मारल्यावर तो पकडला, तर संशय रिंगवर.

दिवे लखलखीत आहेत, मग बॅटरी कशी खराब?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढून तिथे ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला. छोटे दिवे ५ अँपिअर घेतात. ५ गुणिले ०.०५ म्हणजे पाव व्होल्टचं नुकसान, डोळ्यांना दिसणारही नाही. सेल्फ १५० अँपिअर मागतो. १५० गुणिले ०.०५ म्हणजे साडेसात व्होल्ट. बारातून साडेसात गेले, सेल्फला साडेचार उरले. तो कसला फिरतोय! टर्मिनल जरा हललं, इंजिनच्या कंपनाने किंवा बॉनेट आपटल्याने दोन पृष्ठभाग पुन्हा टेकले की अडथळा नाहीसा होतो आणि गाडी 'आपोआप' बरी होते. अधूनमधून येणाऱ्या दोषाचं याहून नेहमीचं कारण आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटची: टर्मिनल हाताने पिळून बघा. जरासुद्धा फिरलं तर ते सैल आहे. घट्ट वाटलं तरी काढून बघा, कारण खांब आणि क्लँप यांच्यामधला काळा थर बाहेरून दिसत नाही. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो. पेल्याभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पुसा, बारीक पॉलिश पेपरने खांब चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत हे काम दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करावं.

आता मल्टिमीटर घ्या. चारपाचशे रुपयांचा पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडल्याने लागलेले दिवे विझल्यावर, बॅटरीच्या खांबांवर मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. हे आकडे बॅटरी किती भरली आहे ते सांगतात, तिच्यात दम किती उरलाय ते नाही. दम कळतो सेल्फ फिरताना. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज १० च्या वर राहिलं तर ठीक, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी उतरलेली किंवा थकलेली आहे, नाहीतर सेल्फ अवाजवी प्रवाह खातोय. काही बॅटऱ्यांत आतला शिशाचा जोड तडकलेला असतो. मीटरवर १२.६ दिसतं, भार पडताच सगळं शून्य, आणि थोड्या वेळाने पुन्हा १२.६. ही बॅटरी चार्ज करून उपयोग नाही, ती बदलायचीच.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त होतो, म्हणून तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा.

केबलमध्ये व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधण्याची पद्धत अनेक गॅरेजांत टाळली जाते, आणि ती सर्वांत उपयोगी आहे. मीटरची लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लँपवर नाही, खांबावर), काळी काडी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारा. मीटर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवायला नको. मग काळी काडी निगेटिव्ह खांबावर आणि लाल काडी इंजिनच्या स्वच्छ उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ च्या आत हवं. तिथे १ किंवा २ व्होल्ट दिसले तर इंजिनची अर्थिंगची पट्टी सडली आहे. ती बॉडीखाली चिखलपाण्यात असते, आतून काळी पडते, वरून धड दिसते.

मीटर नसेल तर जंपर केबलची एकच तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या धातूला लावा. आता सेल्फ जोमाने फिरला तर दोष अर्थिंगचा. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना काळी केबल इंजिनला लावतात तेव्हाही नकळत हेच घडतं: खराब पट्टीला वळसा मिळतो, गाडी सुरू होते आणि सगळे म्हणतात, 'बॅटरीच गेली होती.' जंपने गाडी सुरू झाली एवढ्यावरून बॅटरी दोषी ठरत नाही.

गाडी गरम असतानाच सेल्फ का अडतो?

थंड असताना ठीक, महामार्गावर दोन तास चालवून चहाला थांबलात की अडली: ही खूण सेल्फची. सेल्फ इंजिनला चिकटून, बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपजवळ बसतो. इंजिन बंद केल्यावर वाऱ्याचा थंडावा जातो आणि पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखाली उष्णता वाढतच राहते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ६० अंशांनी तापलेल्या सोलेनॉइडचा रोध जवळजवळ चौथाईने वाढतो आणि त्याची ओढ बरीच कमी होते. नवा सोलेनॉइड हे सहज पेलतो. जुना, काळ्या कॉन्टॅक्टचा, आतून कचरा साचलेला सोलेनॉइड तेवढ्यातच अडतो.

कार्बनची कहाणी थोडी वेगळी. ते झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) नीट दाबू शकत नाही. मोटार ज्या कोनात थांबली त्यावर पुढची वेळ ठरते. म्हणून सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं की गाडी सुरू होते. हा उपाय घरी पोचण्यापुरता, पण पुरावा म्हणून पक्का: ठोकल्यावर चालला तर दोष सेल्फच्या आतच आहे. हातोड्याने जोरात मारू नका; बऱ्याच सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक असतात आणि ते तडकतात. शहरातला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन, कॉन्टॅक्ट आणि बुश बदलून तोच सेल्फ पुन्हा उभा करतो. अख्खा नवा घेण्याआधी हे विचारावं.

स्विच, रिले आणि चावीतली चिप

दिवे लखलखीत आणि शुकशुकाट, अशा वेळी सोप्या गोष्टी आधी करा. ऑटोमॅटिक गाडीत 'पी'मध्ये सुरू झाली नाही तर ब्रेक दाबून 'एन'मध्ये घ्या आणि सेल्फ मारा. झाली तर गिअरचा इनहिबिटर स्विच ('पी' किंवा 'एन' नसेल तर सेल्फ लागू न देणारा) झिजलाय. मॅन्युअलमध्ये क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाड्या आता पुष्कळ आहेत. पेडलच्या वरच्या टोकाला छोटा स्विच असतो. पायाखालची जाड मॅट पेडल पूर्ण जाऊ देत नाही, आणि दोष स्विचवर येतो. मॅट काढून पाहा.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर स्टार्टर रिलेची जागा छापलेली असते. शेजारी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असतो, बहुधा हॉर्नचा. चावी बंद करून अदलाबदल करा. आता सेल्फ चालला आणि हॉर्न अडू लागला, तर दोष रंगेहाथ सापडला. रिले काढल्यावर त्याचे पाय आणि खालचं सॉकेटही बघा. तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर नुसता रिले बदलून भागणार नाही.

चावी 'स्टार्ट'कडे किंचित जोराने किंवा वेगळ्या कोनात धरल्यावरच सेल्फ लागत असेल, तर इग्निशन स्विचच्या मागचे कॉन्टॅक्ट झिजलेत. चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा लटकवण्याची सवय याला हातभार लावते.

इमोबिलायझर चावीतली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर काही गाड्यांत सेल्फ फिरतच नाही. काहींत फिरतो, इंजिन सेकंदभर पेटतं आणि मरतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूप-गाडीचं चिन्ह लुकलुकत असेल तर तो फोटो काढून ठेवा. जुडग्यातल्या दुसऱ्या गाडीच्या चावीतली चिप आणि धातूची जाड रिंग वाचनात अडथळा आणतात. चावी एकटी करून बघा, मग कपाटातली दुसरी चावी वापरून बघा. स्मार्ट चावीत बहुधा सीआर २०३२ क्रमांकाचा नाण्यासारखा सेल असतो. तो उतरला असेल तर बऱ्याच गाड्यांत चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते.

सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही

इथे पहिली परीक्षा कानाची. पेट्रोल गाडीत चावी 'ऑन'ला नेली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'झूंऽऽ' ऐकू यायला हवं. तो इंधन पंप. मागे बसून ऐका. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले, टाकीवरचा कनेक्टर आणि पंप, या क्रमाने. दोष हजर असताना टाकीला खालून तळहाताने दोन-तीन धपाटे दिल्यावर पंप बोलू लागला, तर त्याचे कार्बन संपत आलेत. आज चालला, उद्या रस्त्यात मध्येच थांबेल. मात्र काही गाड्यांत दार उघडताच पंप चालून जातो आणि चावी फिरवल्यावर लगेच ऐकू येत नाही. आपली गाडी निरोगी असताना कसा आवाज करते, ते आजच ऐकून ठेवा.

पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. सतत दोन-तीन लिटरवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. सीएनजीवाल्यांना हे जास्त लागू आहे. अनेक फॅक्टरी-फिटेड सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. 'आपण तर गॅसवरच चालवतो' म्हणून टाकी काट्याच्या तळाला ठेवली, पेट्रोल सहा महिने जुनं झालं, इंजेक्टरवर चिकट थर आला, की सकाळचा त्रास सुरू. टाकीत निदान चौथाई ताजं पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आणखी एक खास सीएनजीचा दोष: काही गाड्यांत गॅस भरण्याच्या झाकणाला मायक्रोस्विच असतो, आणि झाकण उघडं असलं तर गाडी सुरू होत नाही. झाकण नीट न बसणं किंवा स्विच कुजणं हे गॅस भरल्यानंतर अडणाऱ्या गाडीचं अगदी सरळ कारण असू शकतं.

पंप ठीक आहे, पण रात्रभर उभी राहिल्यावर सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो, तर पाइपमधला दाब उतरत असेल. चावी 'ऑन' करा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीन वेळा करून मगच सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे परतू न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर. दाब गेजने मोजता येतो. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण ३ बार असतो. ती लाइन दाबाखाली असते, हे काम गॅरेजवाल्याचं.

उलट पेट्रोलचा वास भपकन येत असेल तर इंजिन 'फ्लड' झालंय. अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत यामुळे सेल्फ फिरताना इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात. कोणत्याही परिस्थितीत एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर एका दोषाचे दोन होतात.

चालत्या गाडीचं इंजिन सिग्नलला बंद पडतं, अर्धा तास सुरू होत नाही, थंड झाल्यावर सुरू होतं. असं होत असेल तर क्रँक सेन्सरकडे बघा. त्याच्या आतल्या केसासारख्या तारेचा जोड तापल्यावर विलग होतो, थंड झाल्यावर जुळतो. दोष हजर असताना सेल्फ मारून आरपीएमच्या काट्याकडे बघा: बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलला जातो, सेन्सर मेला असेल तर शून्यावर पडून राहतो. पण काही गाड्यांत तो सेल्फवर कधीच हलत नाही, म्हणून पक्कं उत्तर स्कॅनरच्या (ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या यंत्राच्या) लाइव्ह डेटात. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनर आरपीएम शून्य दाखवतोय, तर ईसीयूला इंजिन फिरतंय हे कळतच नाही: सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर. सेन्सरवर ओला फडका ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर शंका उरत नाही.

अशीच उष्णतेची लबाडी रिलेतही असते. १९९० च्या दशकातल्या अनेक होंडा गाड्यांच्या मुख्य रिलेत डाकाला केसाएवढी भेग पडायची. गाडी उन्हात उभी राहिली की भेग उघडायची, पंपाला वीज मिळायची नाही. काचा उघडून गाडी गार केली की सुरू. नव्याने डाक दिला की रिले पूर्ववत. आजही जुन्या रिलेत, ईसीयूच्या सर्किट बोर्डात हे घडतं.

कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचं सांगत असेल तर डॅशबोर्डवर दिवा न लागताही त्रास होतो. गार इंजिनाला ईसीयू गरम समजतो, पेट्रोल कमी देतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. २५ अंशांच्या सकाळी ७० दाखवत असेल तर सापडला.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा आणि दाब असतो. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) ठरावीक दाब, ढोबळमानाने २०० बारच्या आसपास, तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. फिल्टरच्या जुन्या रबरी रिंगमधून हवा शिरते, इंजेक्टर परतीच्या नळीत डिझेल गळू देतात, किंवा सेल्फच हळू फिरतो, आणि दाब बनत नाही. फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबल्यावर सुरू झाली, तर हवा शिरते आहे.

स्वस्त ओबीडी अ‍ॅडॉप्टर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये बसणारं उपकरण) मोबाइलला जोडून कोड वाचता येतात. पी ०३३५ क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३४० कॅम सेन्सरचं, पी ०२३० पंपाच्या रिलेचं, पी ०६१५ स्टार्टर रिलेचं, पी ००८७ इंधनाचा कमी दाब. कोड म्हणजे 'इथे शोधा' एवढाच इशारा, 'हा भाग बदला' असा हुकूम नव्हे. दोष गेल्यावर कोड राहतोच असंही नाही. गॅरेजमध्ये पोचल्यावर पहिल्या मिनिटाला कोड पुसून टाकू देऊ नका.

कंपनीचा रिकॉलही तपासा. मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपाच्या मोटारीच्या भागासाठी ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर परत बोलावल्या. इंजिन बंद पडणं किंवा सुरू न होणं हीच त्यातली शक्यता होती. कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून हे कळतं, आणि रिकॉलमधला भाग मोफत बदलून मिळतो.

बॅटरी रात्रीतून उतरते

सोमवारी सकाळीच अडणारी गाडी बहुधा शनिवार-रविवार गळत असते. गाडीतली सगळी उपकरणं झोपल्यावर गाडीने २० ते ५० मिलिअँपिअर खावेत. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ३५ अँपिअर-तासाची बॅटरी हे आरामात सोसते. नंतर बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिम अर्धा अँपिअर खात असेल तर दिवसाला १२ जातात, आणि दीड दिवसात बॅटरी निम्मी. मोजताना गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मगच आकडा खरा. मीटर अँपिअरवर असताना सेल्फ मारू नका; आतला फ्यूज तत्क्षणी जातो.

दिवा लावून दबा धरा

एवढं करूनही दोष हाती लागत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एक छोटं काम करून घ्या. सोलेनॉइडच्या बारीक वायरीला (बऱ्याच सेल्फवर तिथे ५० हा आकडा असतो) १ अँपिअरचा फ्यूज लावून एक तार केबिनमध्ये आणायची आणि डॅशबोर्डजवळ छोटा १२ व्होल्टचा एलईडी दिवा बसवायचा. दुसरं टोक अर्थला. तसाच दुसरा दिवा इंधन पंपाच्या वायरीवर. दीड-दोन तासांचं काम, आणि महिन्यांचा अंदाजपंचे कारभार थांबतो. गाडी पुढच्या वेळी अडेल तेव्हा चावी 'स्टार्ट'वर धरा. पहिला दिवा लखलखीत पेटला आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड केबल-अर्थिंगमध्ये. पेटलाच नाही तर स्विच, रिले, इमोबिलायझरच्या बाजूला. सेल्फ फिरतोय, पंपाचा दिवा पेटलाय, पण इंजिन पेट घेत नाही, तर पंपाला वीज पोचते आहे. आता पंपाचा आवाज, दाब आणि क्रँक सेन्सर. पंपाचा दिवा पेटत नाही, तर फ्यूज, रिले, किंवा क्रँक सेन्सरचा संदेशच न पोचल्याने ईसीयूने पंपाला न दिलेला हुकूम.

शिवाय गाडीत एक वही ठेवा. प्रत्येक वेळी अडली की तारीख, आधी किती वेळ चालली होती, किती वेळ उभी होती, ऊन-पाऊस, टाकीतलं इंधन, पेट्रोल की गॅस, कोणता आवाज, दिव्यांचं काय झालं, आणि शेवटी कशाने सुरू झाली. शक्य असेल तर मोबाइलवर आवाजासकट चित्रण. पाच नोंदींत 'नेहमी गरम असतानाच' किंवा 'नेहमी पावसानंतरच' असं काही ना काही उघडं पडतं. पावसानंतरच होत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि पाणी शिरलेले कनेक्टर आधी तपासा.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारात एकदा सुरू झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. दहातून एकदा अडणारी गाडी काहीही दुरुस्त न करता सलग दहा वेळा सुरू होण्याची शक्यता ३५ टक्के आहे. सलग तीस वेळा सुरू होण्याची ४ टक्के. तीस वेळा, गरम-गार दोन्ही धरून, सुरू होईपर्यंत दिव्यांच्या तारा काढू नका आणि जुना सुटा भाग भंगारात टाकू देऊ नका.